नुसता पार्टनर

गेल्या जून महिन्यात वसतिगृहाच्या प्रवेशअर्जाचा नवा नमुना माझ्या टेबलावर आला. वसतिगृह समितीवर मी काही वर्षे आहे, तेव्हा असले कागद सहीसाठी येतातच. नाव, गाव, तालुका, पालकांचा व्यवसाय, रक्तगट हे रकाने नेहमीचे. शेवटी मात्र एक नवा रकाना होता : ‘पसंतीचा रूम पार्टनर (असल्यास)’. मी सही न करता कागद तसाच ठेवला. बैठकीत एक सहकारी म्हणाले, “सर, एवढ्याशा रकान्यावर काय अडले? मुलांची सोय आहे.” मला त्यावेळी नीट उत्तर देता आले नाही. वर्गात पन्नास मिनिटे अखंड बोलणाऱ्या माणसाला पाच जणांच्या बैठकीत दोन वाक्ये सुचू नयेत, हे आमच्या धंद्यातील जुने दुखणे आहे. म्हणून ते उत्तर आता नियतकालिकातून देत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे : मित्र पसंतीचा असतो. पार्टनर पसंतीचा नसतो, आणि त्यातच त्याचे मोल आहे.

प्रथम शब्दाविषयी. कोशात पाहिले तर पार्टनर म्हणजे भागीदार. बाजारात हा शब्द दुकानाच्या भांडवलाशी बांधलेला असतो. कॅरम आणि मेंढीकोट खेळताना समोर बसतो तो पार्टनर. त्याने चुकीचे पान टाकले की आपण त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. परंतु महाविद्यालयात शिकणाऱ्या, घरापासून दूर राहणाऱ्या मुलामुलींनी या शब्दाला जो अर्थ दिला, तो वेगळाच आहे. ज्याची कॉट आपल्या कॉटपासून चार हातांवर आहे, तो पार्टनर. व. पु. काळे यांनी तर हा शब्द कादंबरीच्या शीर्षकावरच नेऊन बसवला. पुण्यात एका काळी खोलीच्या जाहिरातीत ‘कॉट बेसिस’ असे लिहीत. म्हणजे खोली तुमची नव्हे, एक खाट तेवढी तुमची. उरलेल्या खाटांवर कोण असेल ते मालक ठरवणार. (गंमत अशी की इंग्रजांनी हा ‘कॉट’ आपल्याच ‘खाटे’वरून नेला आणि आपण तो मोठ्या मानाने परत घेतला.) वसतिगृहात नाव न नोंदवता जो राहतो, तो तिकडच्या मुलांच्या बोलीत ‘पॅरासाइट’. मेसचे खाडे कोणाच्या नावावर धरायचे आणि पॅरासाइटला कोणी पोसायचे, हे पार्टनर लोकांच्या संसारातले कायमचे वाद.

या शब्दाचा एक गुण मात्र कोणत्याही कोशात लिहिलेला नाही. तो हाक मारण्याच्या कामी येतो, आणि ती हाक काही उघड करत नाही. आपल्या भागात आडनाव सांगितले की पुढचे बरेचसे न विचारता कळते : घरी कोणती भाषा, कोणता देव, कोणती जात. ‘पार्टनर’ म्हटले की यांतले काहीच कळत नाही. ‘माझा पार्टनर’ म्हणा की ‘माझी पार्टनर’ म्हणा, शब्द तोच. कोल्हापूर-सांगलीकडची मुले वसतिगृहाच्या प्रमुखाला रेक्टर म्हणतात, आपल्याकडे त्याला वॉर्डन म्हणतात. पार्टनर मात्र दोन्हीकडे पार्टनरच. सौंदत्ती-रामदुर्गच्या मुलाच्या कन्नडमध्येही तो तसाच येतो. इकडच्या कन्नडमध्ये खोलीलाही ‘खोली’च म्हणतात. म्हणजे जगात बाहेर काहीही चालू असो, ‘खोली’ आणि ‘पार्टनर’ एवढे दोन शब्द तरी आपण दोघे भाषांतराशिवाय बोलू शकतो.

अलीकडे मुले ‘रूमी’ किंवा ‘रूममेट’ म्हणू लागली आहेत. पार्टनर या शब्दाला आता आयुष्याच्या जोडीदाराचा अर्थ चिकटला आहे आणि चारचौघांत तो उच्चारताना ती लाजतात, असे एका विद्यार्थिनीने मला सांगितले. असो. शब्द बदलोत, नाते तेच आहे, आणि माझी काळजी नात्याची आहे.

आता थोडे स्वतःविषयी. मी १९८६ च्या जुलैमध्ये खानापूर तालुक्यातून बेळगावला बी. ए. च्या पहिल्या वर्षाला आलो. त्याच वर्षीच्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळीबार झाला होता, माणसे गेली होती. शहराची हवा कशी होती, हे जुन्या वाचकांना सांगायला नको. अशा दिवसांत वसतिगृहाच्या कारकुनाने पावती फाडून माझ्या हातात दिली आणि खोलीचा क्रमांक सांगितला. मी ट्रंक घेऊन वर गेलो, तर एका खाटेवर माझ्याच वयाचा एक मुलगा बसला होता. तो सौंदत्ती तालुक्यातला. त्याला मराठी येत नव्हते. मला कन्नड पाटीवरची अक्षरे लावून वाचता येण्याइतकेच येत होते. पहिला आठवडा आम्ही मोडके हिंदी आणि त्याहून मोडके इंग्रजी यांवर काढला. त्याला माझे नाव नीट म्हणता येईना, मला त्याचे. मग कधीतरी त्याने मला ‘पार्टनर’ म्हटले आणि मी त्याला. नावाचा प्रश्न मिटला.

खोलीत ६० वॅटचा एकच दिवा होता. तो पहाटे पाचला उठून अभ्यास करणारा, मी रात्री बारापर्यंत जागणारा. पहिल्या पंधरा दिवसांत या दिव्यावरून आमची तीन भांडणे झाली. ती ज्या भाषेत झाली तिला काय म्हणावे, हे भाषाशास्त्राच्या प्राध्यापकांनी ठरवावे. शेवटी त्याने चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, त्याला भोक पाडून, सुतळीने दिव्याच्या होल्डरला बांधला. पुठ्ठा फिरवला की अर्ध्या खोलीत उजेड आणि अर्ध्या खोलीत अंधार. रात्री झोपण्यापूर्वी तो पुठ्ठा फिरवून माझ्या टेबलावर उजेड पाडी. पहाटेसाठी मी झोपताना तो त्याच्या बाजूला फिरवून ठेवी. त्याच्या घरून खडक रोट्टी आणि शेंगाची चटणी येई, माझ्या घरून नाचणीची भाकरी. ‘ऊटा आतेन?’ हे मी शिकलेले पहिले कन्नड वाक्य. ‘जेवलास काय?’ हे त्याचे पहिले मराठी वाक्य. जवळ राहणाऱ्या माणसाला आधी हेच विचारावे लागते.

दिवाळीनंतरची गोष्ट. मेसमध्ये मी आमच्याकडच्या मुलांच्या टेबलाशी बसलो होतो. एकाने डोळा मिचकावून विचारले, “काय रे, त्या कानड्याशी फार जमतंय तुझं?” बाकीचे हसले. मी म्हणालो, “छे, तो काय माझा मित्र आहे? नुसता पार्टनर आहे.” आणि मान वर केली, तर तो ताट घेऊन दोन हातांवर उभा होता. तोपर्यंत त्याला बरेच मराठी कळू लागले होते. तो काही बोलला नाही, दुसऱ्या टेबलाशी जाऊन जेवला.

त्या रात्री मी मुद्दाम उशिरा खोलीवर गेलो. तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता. निदान तसे दाखवीत होता. पुठ्ठा फिरवलेला होता. उजेड माझ्या टेबलावर पडला होता.

या एका गोष्टीवर मी पुढे पुष्कळ विचार केला आहे. मित्राशी मी असा वागलो असतो, तर मैत्री त्या टेबलाशीच संपली असती, आणि संपायलाच हवी होती. मैत्री आवडीवर उभी असते. आवड गेली की खाली काही उरत नाही. परंतु आमच्यात दिव्याचा करार होता, आणि तो मी त्याला आवडतो की नाही यावर अवलंबून नव्हता. ज्या शब्दाला मी ‘नुसता’ लावून हलका केला, त्यातच त्या रात्री आम्हाला धरून ठेवण्याइतके बळ होते. पुढची तीन वर्षे आम्ही त्याच खोलीत काढली.

आपल्याला हे नाते क्षुल्लक वाटते, पण निरनिराळ्या भाषांनी त्याला फार वर चढवले आहे. लाल बावट्याखाली एकमेकांना ‘कॉम्रेड’ म्हणणाऱ्या किती जणांना ठाऊक असते, की तो शब्द स्पॅनिशमधील ‘खोली’ या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे? कॉम्रेड म्हणजे मुळात एका खोलीत राहणारा, बराकीतला सोबती. आधी खोली होती, क्रांती मागाहून आली. इंग्रजीतला ‘मेट’ मुळात एका पंक्तीला जेवणारा आणि ‘कंपॅनियन’ एका भाकरीतला वाटेकरी. अमेरिकेत पलटणीत आणि तुरुंगात शेजारच्या किंवा वरच्या खाटेवर झोपणाऱ्याला ‘बंकी’ म्हणतात. (आपल्याकडे हा शब्द तास बुडवणाऱ्यालाच अधिक शोभेल! कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात तर तळ्याकाठच्या घराशेजारी पाहुण्यांना निजण्यासाठी बांधलेली छोटी खोपी म्हणजे बंकी.) पलटणीत काय आणि तुरुंगात काय, आपल्या शेजारी कोण झोपणार हे आपल्याला कोणी विचारत नाही. तरीही त्या माणसासाठी लोकांनी लाडका शब्द घडवला.

खुद्द ‘पार्टनर’ हा शब्दही वडिलार्जित मिळकतीच्या वाटणीतून आला आहे. जुन्या इंग्रजी कायद्यात सहवारसाला ‘पार्सनर’ म्हणत. त्याचेच रूप बदलून ‘पार्टनर’ झाले. आपल्या हिंदू कायद्यात ‘को-पार्सनर’ म्हणजे सहदायाद, हा त्याचाच सख्खा भाऊ. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना जन्मतः सहदायाद मानले, तेव्हा हा शब्द वर्तमानपत्रांतून पुष्कळांनी वाचला असेल. आता पाहा, आपला सहवारस कोण असावा हे आपण निवडत नाही. तो असतो. त्याच्याशी वाटणी करूनच राहावे लागते. आणि मराठीतला आपला साधा ‘शेजारी’ घ्या. त्या शब्दात कानाला ‘शेज’ ऐकू येते. ज्याची शेज जवळ, तो शेजारी. शेजारीही कोणी अर्ज भरून मागून घेत नाही.

आता दुसरी बाजू. ती दुबळी नाही, हे मला ठाऊक आहे.

परक्या शहरात माणूस प्रथम आपल्या गावचा माणूस शोधतो. मुंबईत धोबीतलाव भागात गोव्याच्या ख्रिस्ती लोकांचे ‘कूड’ होते, काही अजून आहेत. कूड म्हणजे कोंकणीत खोली. बोटीवर नोकरी करणारा गोंयकार दोन बोटींच्या मधल्या दिवसांत आपल्या गावच्या कुडात पथारी टाकी. गिरणगावात कोकणातल्या एकेका गावच्या माणसांच्या खोल्या असत. पाळी बदलली की झोपणारे बदलत. या खोल्यांनी हजारो माणसांना आधार दिला. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही.

वसतिगृहांचा इतिहासही हेच सांगतो. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि पुढे निरनिराळ्या समाजांसाठी निरनिराळी वसतिगृहे उभी राहिली. ज्यांच्या घरात अक्षर शिरले नव्हते, त्यांच्या मुलांना त्यांनीच शहरात पाय ठेवायला जागा दिली. तेव्हा त्यांची गरज होती. परंतु याच कोल्हापूरची एक गोष्ट कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या चरित्रात येते. ते जैन बोर्डिंगमध्ये राहत असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले आणि परत आल्यावर आंघोळ करण्यास त्यांनी नकार दिला. त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. याच भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत, एका पंगतीला जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला नाव देण्यात आले, ते शाहू महाराजांचेच. ज्या राजाने वेगवेगळी दारे उघडली, त्याचे नाव एका दाराच्या घराला देताना भाऊरावांना त्यात विरोध दिसला नाही. एक पायरी चढून झाली होती, आता दुसरी चढायची होती. आपण ती उतरून परत खाली का जावे?

आपल्या नव्या रकान्याने हेच होईल. नियमात नसतानाही गेल्या वर्षी मुलांनी आपापसांत खोल्या बदलल्या. मी एकदा संध्याकाळी दारांवरची नावे वाचत व्हरांड्यातून गेलो. वरच्या मजल्यावर बहुतेक मराठी, खालच्या मजल्यावर बहुतेक कन्नड. भांडण झालेले नव्हते. कोणी कोणाला हाकलले नव्हते. प्रत्येकाने फक्त आपली सोय पाहिली होती. जे आज चोरून होते, ते उद्या छापील रकान्याने होईल, एवढाच फरक. आणि मग एक मुलगा आपल्या गावातून इथे येईल, तीन वर्षे राहील, पदवी घेईल आणि आपल्या गावातून न हलता परत जाईल.

काही जण म्हणतील, सर, तुमचा काळ गेला. आता मुलगा कानात यंत्र घालून आपल्या फोनमध्ये बघत पडतो. शेजारी कोण आहे याचा त्याला पत्ताही नसतो. हे बरेचसे खरे आहे. पण खोलीत चार्जिंगचा प्लग अजून एकच आहे. पंखा एकच आहे. एकाला थंडी वाजते आणि दुसऱ्याला उकडते. दिव्याची जागा प्लगने घेतली, वाटणी राहिलीच आहे. आणि फोनवर आपल्याला आपल्यासारखीच माणसे भेटतात. न निवडलेला माणूस भेटण्याची जागा आता खोलीच उरली आहे.

एक आक्षेप मात्र मी मनापासून मानतो. मुलींच्या वसतिगृहाचे काम पाहणाऱ्या माझ्या सहकारी बाईंनी तो मांडला. चिठ्ठी टाकून खोली दिली म्हणजे न्याय झाला असे नव्हे, असे त्या म्हणाल्या. एखाद्या दलित मुलीच्या वाट्याला तिच्या पाण्याच्या तांब्याला हात न लावणारी पार्टनर आली, तर? एखाद्या भित्र्या मुलाच्या वाट्याला दांडगट आला, तर? तिथे ‘जमवून घ्या’ म्हणणे हा क्रूरपणा होईल. बाईंचे बरोबर आहे. माझा पार्टनर भला निघाला, हे माझे नशीब होते. नशिबावर नियम करता येत नाही. म्हणून मी असे सुचवतो : पहिल्या वर्षी खोल्या चिठ्ठ्या टाकून द्याव्यात, पसंती विचारू नये. दोन महिन्यांनंतर ज्याला खोली बदलून हवी असेल त्याला ती कारण न विचारता बदलून द्यावी. अपमान किंवा त्रास असेल तर त्याच दिवशी द्यावी आणि त्रास देणाऱ्याला जाब विचारावा. वॉर्डनने पहिल्या दोन महिन्यांत प्रत्येक खोलीत आठवड्यातून एकदा तरी जाऊन बसावे. दुसऱ्या वर्षापासून हवा तर तो रकाना ठेवावा. तोपर्यंत मुलांना निदान दोन प्रकारची माणसे ठाऊक झालेली असतील, आणि मग त्यांनी केलेली पसंती ही खरी पसंती असेल. अनेक जण तोच पार्टनर पुन्हा लिहितील, असा माझा अंदाज आहे.

आपल्या या अंकात मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत. आपल्यातले बहुतेक जण आपला विभाग वाचून अंक ठेवून देतात. मीही तेच करत आलो आहे. या वेळी माझ्या या लेखाचा सारांश कन्नड विभागाच्या संपादकांनी तिकडे द्यावा, अशी विनंती मी केली आहे. म्हणजे विरोध करायचा तर तो दोन्ही भाषांतून होईल.

शेवटी पुन्हा माझ्या पार्टनरकडे येतो. २०१९ साली त्याच्या मुलीच्या लग्नाला मी सौंदत्ती तालुक्यातल्या त्याच्या गावी गेलो. पंगत उठल्यावर तो स्वतः माझ्याशेजारी जेवायला बसला. इतक्या वर्षांत जे बोललो नव्हतो, ते बोलायचे मी त्या दिवशी ठरवले होते. म्हणालो, “मेसमध्ये एकदा मी तुला नुसता पार्टनर म्हणालो होतो. आठवते?”

“नेनपैति,” तो म्हणाला. म्हणजे, आठवते आहे. मग मराठीत म्हणाला, “तोपर्यंत मला ‘नुसता’ हा शब्द माहीत नव्हता. अर्थ कोणाला विचारावा लागला नाही. तुझ्या तोंडाकडे बघून कळला.”

मला काही बोलता येईना. त्याने वाढप्याला हाक मारून माझ्या पानात आणखी एक होळिगी वाढायला लावली.

अर्जाचा तो नमुना अजून माझ्या टेबलावर आहे. तो रकाना काढला, की मी लगेच सही करीन.